गाण्याची बिदागी आणि लहान रेडिओ

(वारणानगर येथील स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

वारणा खोऱ्यात इंटरनेट आले ते उसासाठी. १९९८ साली पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली वारणाकाठची सुमारे ७० गावे संगणकाने जोडली गेली. आपला ऊस किती भरला, बिल किती झाले, खताची उचल किती वळती झाली, हे शेतकऱ्याला गावातल्या केंद्रावर कळावे हा त्याचा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी याच भागात तेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहिले. इंटरनेटचा पहिला उपयोग हिशेब कळण्यासाठी व्हावा, ही या खोऱ्याला शोभणारी गोष्ट होती.

त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९९८ रोजी, अमेरिकेत ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अॅक्ट’ अमलात आला. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्याने रेकॉर्ड कंपनीची वेगळी परवानगी मागत बसू नये, ठरलेला दर भरावा आणि गाणे वाजवावे, अशी तरतूद त्यात होती. दर किती, हे मात्र कायद्यात लिहिलेले नव्हते. ते नंतर ठरायचे होते, आणि ठरेपर्यंत वाजलेल्या प्रत्येक गाण्याची बाकी खात्यावर चढत राहणार होती. त्या एका रिकाम्या जागेवरून सुरू झालेले भांडण आज पाव शतक उलटून गेले तरी मिटलेले नाही. त्याची भारतीय आवृत्ती मुंबई उच्च न्यायालयात लढली गेली आणि तिचा फटका मराठी गाणी ऐकवू पाहणाऱ्या लहानात लहान केंद्राला बसतो.

लहान इंटरनेट रेडिओला लागते तरी काय? एक संगणक, एक मायक्रोफोन, गाण्यांचा संग्रह, भाड्याचा सर्व्हर आणि निवेदनाची हौस. एफएमसारखा लिलावात कोट्यवधी रुपये मोजून लहरींचा पट्टा विकत घ्यावा लागत नाही, मनोरा उभारावा लागत नाही. इचलकरंजीतला यंत्रमागवाला रात्रपाळीत ऐकू शकतो आणि न्यू जर्सीतले मराठी कुटुंब स्वयंपाक करता करता तेच गाणे त्याच क्षणी ऐकू शकते. ऐकणाऱ्याने गाणे निवडायचे नाही, मागे-पुढे करायचे नाही. केंद्र जे लावील ते सर्वांनी एकाच वेळी ऐकायचे. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’वर वाढलेल्या पिढीला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. हे वैशिष्ट्य लक्षात ठेवावे, कारण पुढे न्यायालयात सगळा गुंता याच ठिकाणी झाला.

मात्र एक तांत्रिक फरक आहे आणि पैशाचे सारे राजकारण त्यातून निघते. एफएमचा प्रक्षेपक एकदा चालू झाला की दहा माणसांनी ऐकले काय किंवा दहा लाखांनी, खर्च तोच. किती जणांनी ऐकले हे मोजण्याची सोयही नाही. पाहणी करून अंदाज बांधायचा. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याकडे स्वतंत्र धारा जाते, तिचा खर्च वेगळा पडतो आणि तिची नोंद सर्व्हरवर राहते. श्रोता मोजता येऊ लागला, तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांनी दरडोई, दरगाणी पैसे मागितले. त्यांच्या बाजूने ते स्वाभाविक होते. १९९९ ते २००१ या काळात नॅपस्टरवर कोट्यवधी गाणी फुकट हातोहात फिरत होती आणि सीडीचा धंदा ओसरू लागला होता. ज्या कंपन्यांनी स्टुडिओ बांधले, वादकांना पैसे दिले, पडलेल्या रेकॉर्डचा तोटा सोसला, त्यांना नव्या माध्यमाकडून हक्काचे पैसे हवे होते. त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही.

पण दर ठरला तो कसा?

अमेरिकेत लवादमंडळ बसले. खुल्या बाजारात राजीखुशीने देणारा आणि घेणारा जो भाव ठरवतील तो योग्य भाव, असे सूत्र कायद्याने त्याला घालून दिले होते. बाजारातला नमुना म्हणून मंडळाने याहू कंपनी आणि अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांची संघटना यांच्यातला करार धरला. २० फेब्रुवारी २००२ रोजी मंडळाने निव्वळ इंटरनेटवरच्या केंद्रांसाठी दर सुचवला तो दर गाण्याला, दर श्रोत्यामागे ०.१४ सेंट. त्या वर्षी १ मे रोजी शेकडो केंद्रांनी दिवसभर मौन पाळून निषेध केला. लायब्रेरियन ऑफ काँग्रेस जेम्स बिलिंग्टन यांनी २० जूनला तो निम्म्यावर, ०.०७ सेंटवर आणला. आकडा इतका बारीक, की त्यासाठी कोणी का रडावे असे वाटेल.

हिशेब करून पाहावा. एका हौशी केंद्रावर सरासरी १०० श्रोते आहेत आणि तासाला १५ गाणी लागतात. दिवसाला ३६,००० वेळा ‘गाणे ऐकले गेले’. वर्षाला १ कोटी ३१ लाख ४० हजार वेळा. ०.०७ सेंटने वर्षाचे ९,१९८ डॉलर, त्या वेळच्या भावाने सुमारे साडेचार लाख रुपये. शंभर श्रोत्यांच्या केंद्राला जाहिरात मिळते ती कोपऱ्यावरच्या दुकानाची. शिवाय आकारणी ऑक्टोबर १९९८ पासूनच्या मागील बाकीसह. सॅन फ्रान्सिस्कोतले सोमाएफएम हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे केंद्र. ते जून २००२ मध्ये बंद पडले आणि कायद्यात दुरुस्तीची चिन्हे दिसल्यावर त्याच वर्षाअखेर पुन्हा सुरू झाले. सगळ्यांना ते जमले नाही.

याच सुमारास एक कबुली पुढे आली. ज्या ब्रॉडकास्ट डॉट कॉम कंपनीला याहूने १९९९ साली ५.७ अब्ज डॉलरला विकत घेतले, तिचे सहसंस्थापक मार्क क्युबन यांनी लिहून सांगितले की याहूच्या करारात टक्केवारीऐवजी दरगाणी भावाची मांडणी करण्यामागे लहान स्पर्धकांना स्वस्तात शिरकाव मिळू नये हाही हिशेब होता. म्हणजे एका बलाढ्य कंपनीने आपल्या सोयीसाठी केलेला करार ‘बाजारभाव’ ठरला आणि तो ज्यांनी कधी त्या बाजारात पाऊलही टाकले नव्हते त्यांच्या माथी आला.

या सगळ्या विषयाचे सूत्र येथे हाती लागते. लहान रेडिओचा दर सहसा लहान रेडिओकडे पाहून ठरत नाही. मोठे प्रसारक आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्या भांडतात, त्या भांडणाचा निकाल लागतो आणि सुक्याबरोबर ओलेही जळते.

अमेरिकेने निदान डागडुजी केली. ४ डिसेंबर २००२ रोजी ‘स्मॉल वेबकास्टर सेटलमेंट अॅक्ट’वर सही झाली. त्याखालच्या समझोत्यानुसार लहान केंद्राने मागील काळासाठी उत्पन्नाच्या ८ टक्के किंवा खर्चाच्या ५ टक्के, आणि २००३ पासून अडीच लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर १० टक्के व त्यावर १२ टक्के, नाहीतर खर्चाच्या ७ टक्के, यांतली मोठी रक्कम द्यायची. दर चढाच होता. पण उत्पन्नाशी बांधलेला होता, म्हणून जगू देणारा होता. २ मार्च २००७ रोजी नव्या रॉयल्टी मंडळाने पुन्हा दरगाणी पद्धत आणली आणि २०१० पर्यंत ०.१९ सेंटपर्यंत चढत जाणारा तक्ता जाहीर केला. २६ जूनला केंद्रांनी पुन्हा मौन पाळले. संसदेने आणखी दोनदा तडजोडीला वाट करून दिली. अखेर २०१५ संपताना लहानांसाठीचे समझोते संपले, नवा दर ०.१७ सेंट ठरला, आणि १९९९ पासून हजारो हौशी केंद्रांना आसरा देणारे लाइव्ह३६५ हे व्यासपीठ ३१ जानेवारी २०१६ रोजी बंद झाले. पुढच्या वर्षी नव्या मालकाने ते पुन्हा उभे केले, पण मधल्या काळात पांगलेली केंद्रे सगळी परत आली नाहीत. याच अमेरिकेत साधा एफएम रेडिओ ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आणि गायकाला आजही एक पैसा देत नाही. तो फक्त गीतकार-संगीतकारांचे देणे देतो. श्रीमंत माध्यमाला माफी आणि गरीब माध्यमाला दरडोई आकारणी, हा अन्याय तेथील कायद्याने उघड्या डोळ्यांनी चालवला आहे.

भारतात रेडिओ आणि गाण्याचे मालक यांचे भांडण इंटरनेटपेक्षा कितीतरी जुने. बा. वि. केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांनी रुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. आकाशवाणीने चित्रपटगीतांची वेळ कापली आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे ठरवून नाव सांगणेही बंद केले. निर्मात्यांच्या संघटनेने परवानगीच काढून घेतली. मग काय झाले? श्रोता समुद्र ओलांडून गेला. कोलंबोहून लघुलहरींवर बोलणाऱ्या रेडिओ सिलोनने त्याच वर्षाच्या ३ डिसेंबरला बिनाका गीतमाला सुरू केली आणि अमीन सयानींचा आवाज गावोगावच्या रेडिओ संचांवरून घुमू लागला. आकाशवाणीला शहाणपण येऊन विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला. घरच्या केंद्राला गाणे लावता आले नाही की ऐकणारा गप्प बसत नाही, तो दुसरीकडे जातो. आज तो यूट्यूबवर जातो, फरक इतकाच.

खासगी एफएम २००१ मध्ये आले आणि भांडण न्यायमंडळांपुढे गेले. २००२ साली कॉपीराइट मंडळाने तासावर दर लावला. ‘नीडल अवर’ म्हणजे प्रत्यक्ष गाणे वाजत असलेला तास. निवेदन आणि जाहिराती वगळून. मुंबईतल्या केंद्राला जो तास परवडतो तो लहान शहरातल्या केंद्राला परवडत नाही, हे उघड होते. रेडिओ मिर्चीची मालक कंपनी एंटरटेनमेंट नेटवर्क आणि टी-सिरीजची सुपर कॅसेट्स यांच्या खटल्यात १६ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकाने एकाला परवाना दिला म्हणून दुसऱ्याला अवाजवी अटींवर अडवता येत नाही. मंडळ सक्तीचा परवाना देऊ शकते. त्यावरून २५ ऑगस्ट २०१० रोजी मंडळाने निर्णय दिला: एफएमने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम बाजूला काढावी आणि ज्या कंपनीची गाणी जितकी वाजली त्या प्रमाणात ती वाटावी. लाख रुपये मिळवणाऱ्याने दोन हजार द्यावेत, कोटी मिळवणाऱ्याने दोन लाख. कंपन्यांना तो फार कमी वाटला आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण पद्धत न्याय्य होती. हा दर ३० सप्टेंबर २०२० पर्यंत चालला.

वारणेच्या श्रोत्यांना यातले मर्म उसाच्या भाषेत चटकन कळेल. एकट्या शेतकऱ्याने कारखान्याच्या दारात उभे राहून भाव ठरवायचा म्हटले तर काय होईल, हे येथे कोणाला सांगायला नको. म्हणून किमान भाव कायद्याने ठरतो, चौदा दिवसांत देणे बंधनकारक असते आणि वजनकाटा दोन्ही बाजूंना दिसतो. या किमान भावावरून, म्हणजे एफआरपीवरून, दरवर्षी आंदोलने होतात, पण भाव कायद्याने ठरावा की नाही यावर कोणी आंदोलन करीत नाही. गाण्याच्या बाबतीत ही व्यवस्था २०१२ साली कॉपीराइट कायद्यात आली. तिचे नाव कलम ३१-ड.

या कलमाने प्रसारण संस्थेला हक्क दिला: आधी नोटीस द्या, ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरा आणि गाणे वाजवा, मालक नाही म्हणू शकत नाही. त्याबरोबर दोन जबाबदाऱ्या घातल्या, त्यांची आठवण फार कमी केंद्रांना असते. एक, लेखक-संगीतकारांची आणि मुख्य कलावंतांची नावे प्रसारणात सांगितली पाहिजेत. आकाशवाणीचा निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे सांगत आला ती निव्वळ सभ्यता होती. आता तो कायदा आहे आणि बहुतेक खासगी वाहिन्या तो सर्रास मोडतात. दुसरी, काय वाजवले याच्या वह्या ठेवल्या पाहिजेत आणि मालकाला हिशेब दाखवला पाहिजे.

इंटरनेट रेडिओ यात बसतो का? ५ सप्टेंबर २०१६ रोजी केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाने एक कार्यालयीन टिपण काढून ‘बसतो’ असे म्हटले. लहान केंद्रांना हायसे वाटले. पण त्या टिपणाचा आधार घेऊन पुढे सरसावले ते लहान केंद्र नव्हते. भारती एअरटेलच्या ‘विंक’ या सेवेचा आणि टिप्स कंपनीचा परवान्याच्या रकमेवरून बेबनाव झाला. विंकने २०१७ च्या अखेरीस सांगितले की आम्ही ३१-ड खाली गाणी चालूच ठेवतो. टिप्स मुंबई उच्च न्यायालयात गेली. विंकवर ग्राहक हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकू शकत होता, पैसे भरून आपल्या फोनवर उतरवून ठेवू शकत होता. न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी २३ एप्रिल २०१९ रोजी निकाल दिला: गाणे उतरवून देणे म्हणजे विक्री आणि भाड्याने देणे, प्रसारण नव्हे, ३१-ड मध्ये रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचेच दर सांगितले आहेत, इंटरनेटचा उल्लेख नाही, आणि सरकारी टिपण म्हणजे कायदा नव्हे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने तो निकाल कायम केला. याच काळात, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, स्पॉटिफाय भारतात आली तीही वॉर्नरच्या गाण्यांसाठी ३१-डचा हवाला देत आली. तो वाद जानेवारी २०२० मध्ये समझोत्याने मिटला.

विंकविरुद्धचा निकाल विंकपुरता बरोबरच होता. देशातल्या सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपन्यांपैकी एकीला, मागेल ते गाणे विकणाऱ्या दुकानाला, रेडिओची सवलत कशासाठी? पण निकालाच्या शब्दांची व्याप्ती दुकानापाशी थांबली नाही. एकल न्यायाधीशांच्या निकालात इंटरनेट प्रसारणच कलमाबाहेर गेले आणि ज्याच्यावर गाणे निवडता येत नाही, उतरवून घेता येत नाही, असा साधा सरळ रेडिओही त्याबरोबर बाहेर पडला. त्याची बाजू मांडायला न्यायालयात कोणी नव्हते. कोल्हापुरात ९४.३ वर टोमॅटो एफएमने एखादे गाणे लावले तर कायद्याने ठरणारा दर आहे. तेच गाणे, त्याच क्रमाने, त्याच गावातल्या माणसाने फक्त इंटरनेटवरून लावले तर त्याला दर नाही, मंडळ नाही, दाद मागायला जागा नाही. त्याने सारेगम, फाउंटन, सागरिका, एव्हरेस्ट, झी म्युझिक अशा एकेका कंपनीचे दार ठोठावायचे आणि ती सांगेल ती किमान रक्कम मान्य करायची. कंपनीच्या बाजूने पाहिले तरी शंभर श्रोत्यांच्या केंद्राशी करार करण्याचा कागदोपत्री खर्च मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त होतो. म्हणून बहुतेक पत्रांना उत्तरच जात नाही. ज्या विंकपायी हे दार बंद झाले, ती सेवा एअरटेलने २०२४ मध्ये गुंडाळली. दार बंदच आहे.

एफएमचीही अवस्था फार सुखाची राहिली नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने टक्केवारी मोडून पुन्हा नीडल अवरचे दर आणले, ते ३० सप्टेंबर २०२१ पर्यंतचे. त्याआधीच, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्र सरकारने ते मंडळच रद्द केले आणि काम व्यापारी न्यायालयांकडे आणि उच्च न्यायालयांकडे गेले. अशा न्यायालयात वकील उभा करण्याची ऐपत कोणत्या केंद्राची असते, हे सांगण्याची गरज नाही.

एवढे सगळे भांडण ज्याच्या नावाने चालते तो कलावंत यात कुठे असतो?

लता मंगेशकर कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये पगारी नोकरीला होत्या, तेव्हा गायिकेला रॉयल्टी हा विचारही कोणी केला नव्हता. पुढे साठच्या दशकात त्यांनीच तो प्रश्न लावून धरला. निर्मात्याला तबकडीवर जे मिळते त्यात गाणाऱ्याचा वाटा असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मोहम्मद रफींचे मत वेगळे: गाण्याचे ठरलेले पैसे मिळाले, तेथे हक्क संपला. या मतभेदापायी काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे सोडले. १४ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता, असा निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला जोडून स्वतंत्र टिपण लिहिले आणि भारतीय संगीतात ज्याच्या गळ्यावर सारे उभे आहे त्या गायकाला कायद्यात काहीच जागा नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेने गायक-वादकांना कलावंत म्हणून हक्क दिले ते १९९४ च्या दुरुस्तीत, आणि रॉयल्टीत वाटा दिला तो २०१२ साली.

१९७७ च्या डिसेंबरात गीतकार गदिमा गेले. ३ मे २०११ रोजी कोल्हापुरात जगदीश खेबुडकर गेले. शिक्षकाची नोकरी सांभाळत मराठी चित्रपटाला गाण्यांचे भांडार देणारा हा माणूस. ‘पिंजरा’ची गाणी आजही यात्रेत आणि लग्नाच्या मांडवात वाजल्याशिवाय राहत नाहीत. गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, असे सांगणारी दुरुस्ती २१ जून २०१२ पासून अमलात आली. खेबुडकरांच्या जाण्यानंतर तेरा महिन्यांनी. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीसाठी जिवाचे रान केले, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आज गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था वर्षाला शेकडो कोटी रुपये गोळा करते. २०२२-२३ मध्ये ही रक्कम ५६४ कोटींच्या आसपास होती. २८ एप्रिल २०२३ रोजी न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी मुंबई उच्च न्यायालयात सांगितले की एफएम केंद्रांनी ध्वनिमुद्रणाच्या मालकाला दिलेल्या पैशाने गीतकार-संगीतकारांचे देणे फिटत नाही. ते वेगळे द्यावे लागेल.

अमेरिकेच्या व्यवस्थेत दोष अनेक, पण एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. तेथे इंटरनेट रेडिओचे पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते. त्यातले ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के थेट मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीच्या गायक-वादकांच्या निधीला जातात. कलावंताचे पैसे कंपनीच्या हातून झिरपत येत नाहीत. वारणा बालवाद्यवृंदाने या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती वाद्ये दिली. त्यातला एखादा पुढे मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन किंवा ढोलकी वाजवतो तेव्हा तो दिवसाचे पैसे घेऊन घरी येतो आणि गाणे पुढे चाळीस वर्षे वाजत राहते. कायद्याने तोही कलावंत आहे. त्याचा वाटा त्याच्या खात्यावर थेट जमा होण्याची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही.

गाणी फुकट मिळावीत, ही लहान रेडिओची मागणी असू नये आणि जे ती करतात त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. मागणी अशी असावी: ३१-ड मध्ये इंटरनेटवरच्या सरळ प्रसारणाचा स्पष्ट उल्लेख यावा, मागेल ते गाणे देणाऱ्या सेवा त्याबाहेर राहाव्यात, ठरावीक उत्पन्नाखालच्या केंद्राला टक्केवारीचा दर असावा, आणि त्या पैशाची वाटणी गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांच्यापर्यंत थेट पोचावी. यातले काहीच अशक्य नाही. २०१० साली एफएमसाठी केलेलेच इथे करायचे आहे.

कायदा बदलेपर्यंत रेडिओ बंद ठेवण्याची गरज नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क २०२० अखेर संपला. मात्र तबकडी मुक्त झाली म्हणून गाणे मुक्त होत नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. गदिमांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ पर्यंत आणि कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके यांच्या चालींवरचा २०६२ पर्यंत आहे. त्यासाठी आयपीआरएसचा परवाना लागतो. याशिवाय भजनी मंडळे, शाहीर, गोंधळी, नवे कवी आणि नवे गायक आपल्या आसपास आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण केंद्राने स्वतः करावे, लेखी संमती घ्यावी, पैसे द्यावेत आणि नाव सांगावे.

ज्यांना असे केंद्र सुरू करायचे आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: कोणते गाणे, कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाचा आवाज, किती वाजता, किती श्रोते. उद्या समितीपुढे किंवा न्यायालयात लहान रेडिओची बाजू मांडायची वेळ येईल तेव्हा हीच वही पुरावा ठरेल. या परिसरातल्या गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचे सभासद व्हावे, गायक-वादकांनी आपल्या संस्थेत नाव नोंदवावे, आणि कंपनीच्या करारावर सही करण्याआधी कॉपीराइट कायद्याची १८, १९ आणि ३८-अ ही कलमे कोणाकडून तरी वाचून घ्यावीत. आणि खासदारांना उसाच्या भावासाठी जशी निवेदने दिली जातात तसे एक निवेदन ३१-डच्या दुरुस्तीसाठी वारणानगरातून जावे, अशी या व्याख्यानाच्या निमित्ताने सर्वांना विनंती आहे.